कॅम्प जिमखान्याचा हौद

१२ एप्रिल १९३७, पाडवा

कडुलिंब खाल्ला. पहाटे उठून खायचा होता, पण सणाच्या दिवशी घाई बरी नव्हे.

काल संध्याकाळी कॅम्प जिमखान्याच्या कमिटीने मला ऑनररी सेक्रेटरी निवडले. एकमताने. चाँद पाशा, डॉक्टर आणि मी हजर होतो, बाकीचे मेंबर कामात. चाँद पाशा म्हणजे आमचे प्रेसिडेंट, कापसाचे व्यापारी, माणूस मोठ्या दिलाचा. त्यांनी माझे नाव सुचवले आणि लगेच पत्ते पिसायला घेतले. डॉक्टर म्हणाले, वकीलसाहेबांना वेळ भरपूर असतो. माझ्या शिस्तशीर राहणीची कुणीतरी दखल घेतली हे पाहून बरे वाटले.

सौ.ला सांगितले. तिने विचारले, म्हणजे काय करायचं असतं? मी म्हणालो, सगळंच. ती म्हणाली, मग आधी आडावर जाऊन बघा, दोर पुरत नाही आता. संस्था म्हणजे काय हे घरात समजावून सांगणे कठीण.

१३ एप्रिल

सर्व सुविधांची जातीने पाहणी केली. जिमखाना साधासुधा नाही. इंग्रजांची पलटण हिंगोलीत होती तेव्हा अफसरांनी स्वतःच्या व्यायामासाठी बांधला. पलटण जाऊन एक पिढी झाली, इमारत अजून ताठ. गावातले लोक त्याला 'गोऱ्यायचा किलब' म्हणतात. आता गोरे नाहीत, आम्ही आहोत.

टेनिस कोर्ट उत्तम. सध्या त्यावर मिरच्या वाळत आहेत. नेट चौकीदार दस्तगीरच्या शेळ्यांच्या कुंपणाला बांधलेले आहे, पण शाबूत. बिलियर्ड टेबल भव्य. त्यावर दस्तगीर झोपतो. म्हणतो, खाली विंचू निघतात. डंबेल एक सापडले, दार उघडे राहावे म्हणून लावलेले. हमामखान्यातला पाणी तापवायचा बंब पुसेगावला कुणाच्या लग्नात गेला आहे. कुणाच्या, हे दस्तगीरला आठवत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे पोहण्याचा हौद. फरसबंद, उतरायला पायऱ्या, एका टोकाला उडी मारायची फळी. आत पाणी नाही, पाला आहे. शेजारीच पलटणीने खोदलेली मोठी विहीर.

एकूण स्थिती समाधानकारक. थोडे लक्ष घातले की झाले.

१५ एप्रिल

सकाळी टेनिस. जोडीला कुणी नसल्याने भिंतीशी खेळलो. चेंडू मिरच्यांत गेला. तो उचलून घाम पुसताना हात डोळ्याला लागला. दिवसभर दुसऱ्या कोर्टात जाता आले नाही. तिथेही कुणी वाट पाहत नव्हते म्हणा.

उद्यापासून रोज टेनिस. चष्मा लावून.

१८ एप्रिल

टेनिस सध्या बंद. मोठे काम निघाले.

चाँद पाशांनी परभणीहून बातमी आणली. जिमखान्याच्या जागेची मुदत संपते आहे. आमच्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे अधिकारी, अव्वल तालुकदार साहेब, मे महिन्यात दौऱ्यावर येणार आणि स्वतः पाहणार. क्लब चालू दिसला तर जागा आमची. नाहीतर सरकारजमा.

चाँद पाशा म्हणाले, जाने दो वकीलसाब, पत्ते तो मेरे गोदाम में भी चलते. ज्या संस्थेत गोऱ्या अफसरांनी अंग कमावले तिचा प्रेसिडेंट असे बोलतो. सारा भार आता माझ्यावर.

२० एप्रिल

कमिटी. माझा ठराव मंजूर. १३ मे, अक्षय तृतीयेला हौद भरून उद्घाटन. तालुकदार साहेब पाहुणे. पहिली उडी सेक्रेटरीने मारायची.

डॉक्टरांनी विचारले, पोहता येतं का? मी सांगितले, भर पुरात पैनगंगा ओलांडली आहे. हे अक्षरशः खरे आहे. नावेतून ओलांडली, पण नाव कुणी विचारली नाही.

तीन आठवडे हातात आहेत. अकोल्याला शिकत असताना घेतलेले एक इंग्रजी पुस्तक आहे, पोहणे गुरूशिवाय शिकवणारे. त्यात म्हटले आहे की आधी कोरड्या जागेवर हातपाय मारण्याचा सराव करावा.

२२ एप्रिल

बिलियर्ड टेबलवर पालथे पडून पोहण्याचा सराव. पुस्तक समोर उघडे. दस्तगीरने विचारले, साहेब, पोट दुखून राहिलं का? त्याला खोली बाहेरून बंद करून बसायला सांगितले. तो बसला, आणि झोपला. मला खिडकीतून उतरावे लागले. पाय मुरगळला. खेळाडूला हे चालायचेच.

२४ एप्रिल

मोट सुरू झाली. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा रतनसिंग बैलजोडी घेऊन आला आहे. माणूस कामाला पक्का, बोलायला फटकळ. बैलांना सरकीची ढेप चाँद पाशा देणार. हौदात पहिले पाणी पडले तेव्हा मी फळीवर उभा होतो. रतनसिंगने विचारले, एवढं पानी कशाला, साहेब? मी म्हणालो, पोहायला. त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाला, आमच्या तांड्यावर प्यायला न्हाई.

मी त्याला सांगितले की हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

२७ एप्रिल

हौदात कमरेइतके पाणी. गावातले आड तळाला गेले आहेत, कयाधू नदीच्या वाळूत लोक झिरे खोदून बसतात म्हणे. अशा दिवसांत पलटणीची विहीर हलत नाही. इंग्रजांची दूरदृष्टी.

पोहण्याचा पोशाख शिवायला टाकला. पट्ट्यापट्ट्यांचा. शिंप्याने विचारले, नाटक कोणतं आहे?

२९ एप्रिल

सकाळी हौदात म्हैस. दस्तगीरची. तो म्हणाला, साहेब, मी म्हटलं व्हतं, पानी भरलं की म्हशी येतीन. त्याने मला असे कधीच म्हटले नव्हते. म्हैस काढायला दुपार झाली. ती पोहते मात्र सुरेख. किती सहज. मान तेवढी वर ठेवायची, बस. तासभर निरीक्षण केले. पुस्तकात हा मुद्दा नाही.

१ मे

मेंबर अजून येत नाहीत, पण जिमखान्यात वर्दळ वाढली आहे. सकाळी गेलो तर हौदाच्या पायऱ्यांवर बायकाच बायका. घागरी, कळशा, हंडे. सगळ्यांच्या पुढे पारुबाई. ही पलीकडच्या वस्तीत भाजी विकते. आवाज मोठा, मान कधी खाली नाही.

मी समजावून सांगितले की ही खाजगी संस्था आहे. पारुबाईने ऐकून घेतले, मधे कळशी भरली, आणि म्हणाली, बरं झालं सांगितलं.

उद्या बोर्ड लावणार.

३ मे

बोर्ड लावला. मराठी, उर्दू, इंग्रजी. 'पोहण्याची परवानगी फक्त मेंबरांना.'

पारुबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, आमी पोहाया थोडंच आलो, वकीलसाब? आमी न्याया आलो.

कायद्याने मुद्दा बिनतोड. घरी येऊन बराच विचार केला. बोर्ड बदलावा लागेल.

४ मे

बोर्ड बदलला. 'पाणी नेण्यास मनाई.' पारुबाईने तिच्या शेजारणीला, चाँदबीला सांगितले की हा तुझ्या शरीफाकडून वाचून घे. चाँदबीची ही मुलगी उर्दू मदरशात जाते. तिने वाचला आणि सगळ्या बायका हसल्या. काय वाचले ते कळले नाही. माझी उर्दू कचेरीपुरती आहे, बहुधा पेंटरने काहीतरी चूक केली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने हौदात लाल औषध टाकले. पाणी गुलाबी. पोहणाऱ्यांच्या तब्येतीसाठी. आता कुणी पिण्यासाठी नेणार नाही हा जादा फायदा.

५ मे

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. गावात एवढी टंचाई, पण आमच्या घरी पाण्याचा ठणठणाट नाही. सौ. पहाटे उठून कुठूनतरी घेऊन येते. कुठून, विचारले तर म्हणाली, मिळतं. हीच खरी गृहिणी. तक्रार नाही, अर्ज नाही. गावातल्या बायकांनी हिच्याकडून शिकावे. पारुबाईला उद्या हे सांगणार.

पाण्याला किंचित गुलाबी झाक आहे. घागर घासायला हवी.

७ मे

हौद उतरतो आहे. रतनसिंग दिवसभर भरतो, सकाळी पुन्हा खाली. मी म्हणालो, उन्हामुळे वाफ होत असेल. तो म्हणाला, व्हय साहेब, वाफ घागरी घेऊन येते.

त्याच्याशी फार बोलू नये असे ठरवले.

उडीचा सराव जिन्याच्या खालच्या पायरीवरून. जमते आहे. वर जायची घाई नाही.

८ मे

कठोर झालो. फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडे. उशाखाली ठेवली. दस्तगीरला ताकीद. रतनसिंगला आत घ्यायला मी स्वतः जाणार.

फाटकाबाहेर बायका होत्या. मी म्हणालो, तेरा तारखेनंतर पाहू. चाँदबी म्हणाली, तेरा तारखेपर्यंत लेकरांना काय तेरा तारीख पाजू? तिचे लेकरू कडेवर होते, उन्हाने तोंड लाल. मी छत्री उघडली, पण ती माझ्याच डोक्यावर राहिली.

वाईट वाटले. पण सेक्रेटरीने वाईट वाटून घेऊन चालत नाही. तालुकदार साहेबांना रिकामा हौद दाखवला तर जागा जाणार. मग सगळ्यांचेच नुकसान. हे बायकांना पुढे कळेल.

९ मे

हौद पुन्हा उतरला. कुलूप तसेच. दस्तगीर म्हणतो, जिन असेल. मागच्या भिंतीला भगदाड आहे, तेथे हौदाच्या मागच्या पायऱ्या आहेत, फुटक्या, शेवाळलेल्या. तिथून कोण येणार? तरी उद्या पहाटे स्वतः पाळत ठेवणार. चोर पकडून त्याच्याकडून लेखी घ्यायचे.

१० मे, सकाळ

पहाटे गेलो. बिलियर्डच्या खोलीच्या कोपऱ्यामागे उभा राहिलो. उजाडायला लागले तसे भगदाडातून एकेक बाई आत. बोलणे नाही, हंड्याचा आवाज नाही. पारुबाई पायरीवर उभी राहून प्रत्येकीला हात देत होती. चाँदबी. तिच्या मागे आणखी दोघी. त्यांच्या मागे सौ.

आमची सौ. डोक्यावर आमची घागर, तीच, पोचे आलेली.

सेक्रेटरी म्हणून पुढे व्हायला हवे होते. नवरा म्हणून अंथरुणात असायला हवे होते. दोन्हीपैकी एकही जमेना. भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि त्या सगळ्या गेल्यावर घरी आलो. तिने चहा दिला. मी प्यालो. गुलाबी झाक घागरीची नव्हती.

योग्य वेळ पाहून बोलेन. तेरा तारखेनंतर.

११ मे

हे शांतपणे लिहितो.

आज उजाडताना सौ. मागच्या पायऱ्यांवरून घसरली. भरलेली घागर अंगावर. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. पारुबाई आणि रतनसिंगने तिला गाडीत घालून घरी आणले. मी दारात होतो. रतनसिंगने गाडीत गवत अंथरले होते. पारुबाईने पदराने तिचा हात बांधला होता.

डॉक्टरांनी हाड बसवले. सौ. ओठ चावून होती. मी तिचा दुसरा हात धरायला गेलो, डॉक्टर म्हणाले, जरा बाजूला व्हा, उजेड अडतो.

नंतर तिला म्हणालो, किल्ली उशाखालीच होती, मागायची तरी. ती म्हणाली, मागितली असती तर बोर्ड वाचून दाखवला असता तुम्ही.

मागायला हवी होती हे माझे मत कायम आहे. दिली असती का, हा वेगळा प्रश्न. आणि मागच्या पायऱ्या फुटक्या ठेवल्या हा दोष पलटणीचा.

जेवण शेजारून आले. रात्रभर ती कण्हत होती.

१२ मे

घरात पाणी नाही. रांजण कोरडा. सौ.ला ताप. औषधाच्या पुडीबरोबर द्यायला घोटभरसुद्धा नव्हते, शेजारून मागून आणले.

घागर घेऊन जिमखान्यात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा घागर घेऊन रस्त्याने गेलो. लोक पाहत होते असे वाटले. नसतीलही. फाटक उघडले, हौदात उतरलो, भरली. उचलताना कळले की भरलेली घागर ही वेगळीच वस्तू आहे. खांद्यावर घेतली तर अंगावर सांडते. डोक्यावर घेतली तर मान जाते. शेवटी लेकरासारखी पोटाशी धरली.

फाटकापाशी बायका उभ्या होत्या. कुलूप लावायला दोन हात लागतात, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. म्हणून फाटक उघडे राहिले. मुद्दाम नव्हे.

घरी पोचेपर्यंत निम्मे पाणी धोतरात. सौ.ने पाहिले आणि कित्येक दिवसांनी हसली. मग हात दुखला म्हणून थांबली.

उद्याचे उद्घाटन. संध्याकाळपर्यंत रतनसिंग हौद भरेल असे गृहीत धरतो.

१३ मे, अक्षय तृतीया

सविस्तर लिहायला हवे. ऐतिहासिक दिवस.

सकाळी जिमखान्यात पोचलो. पताका लावल्या होत्या. हौदात पाणी गुडघ्याला. काल दिवसभर, आज पहाटेपासून अख्खे गाव येऊन गेले होते. अजून येत होते. आज पाण्याची घागर दान द्यायचा दिवस, त्यामुळे प्रत्येकीला एक घागर जास्त. मी पारुबाईला म्हणालो, निदान आजचा दिवस थांबा. ती म्हणाली, वकीलसाब, आखितीला पान्याला न्हाई म्हनू न्हाई, तुमचेच पितर तहानतील. रतनसिंग मोट हाकत होता. बैलांच्या तोंडाला फेस. मी त्याला सांगितले, जोर लाव. तो म्हणाला, बैलांना सांगा.

बायकांना हाकलायला माणसे नव्हती. मेंबर आले नव्हते. दस्तगीर स्वतःच कळशी भरत होता. तेवढ्यात तालुकदार साहेबांची मोटार फाटकातून आत आली.

साहेब उतरले. पांढरी शेरवानी, हातात छडी, नजर बारीक. त्यांनी आधी गर्दी पाहिली, मग हौद, मग मला. मी ओव्हरकोट घातला होता. आत पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख. वैशाखात ओव्हरकोटाने काय होते ते लिहीत नाही.

साहेबांनी विचारले, क्लबला मेंबर किती? मी प्रसंगावधान राखले. म्हणालो, आपण पाहता ते सगळे टेम्पररी मेंबर. साहेब पारुबाईकडे वळले आणि तिला विचारले, कोणता खेळ खेळता? पारुबाईने पदर सारखा केला. म्हणाली, वढायचा, साहेब. भरायचं, वढायचं, घरी न्यायचं, उद्या पुन्हा.

साहेबांनी चाँद पाशांकडे पाहिले. चाँद पाशांनी आभाळाकडे.

मग साहेब म्हणाले, सेक्रेटरींचे पोहणे पाहायचे आहे असे आमंत्रणात लिहिले होते.

फळीवरून उडीचा प्रश्नच नव्हता. कुणी म्हणेल, सुटला. पण मी मनाने तयार होतो, हे इथे स्पष्ट नोंदवतो. ओव्हरकोट काढला. बायकांनी तोंडे फिरवली, काहींनी फिरवून परत आणली. मी पायऱ्या उतरलो, पाण्यात पालथा झालो. हात तळाला लागले, गुडघे फरशीला. तरी पुस्तकाप्रमाणे हात मारले, पाय मारले, मान म्हशीप्रमाणे वर. काही अंतर कापले. गुडघे सोलवटले. बाहेर पूर्ण शांतता होती, त्यामुळे साहेबांनी चाँद पाशांना हळूच विचारलेले मला ऐकू आले. ये साहब क्या ढूँढ रहे हैं?

चाँद पाशा म्हणाले, मालूम नहीं हुजूर, सुबह से परेशान हैं.

रतनसिंगने मला हात देऊन बाहेर काढले. साहेब विहिरीकडे गेले. बराच वेळ आत वाकून पाहत राहिले. रतनसिंगशी बोलले, पारुबाईशी बोलले, चाँदबीशी बोलले. मी ओला होतो, म्हणून लांब उभा राहिलो. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान समाधानाची होती असा माझा अंदाज.

१४ मे

कालच्या कार्यक्रमाचा विचार केला. एकूण यशस्वी. साहेबांनी संस्था गजबजलेली पाहिली. जागा राहणार यात शंका नाही. पावसाळ्यानंतर हौद पुन्हा भरून पोहण्याचे वर्ग सुरू करणार. बायकांसाठी वेगळा वार ठेवता येईल. सौ.ला सांगितले. ती म्हणाली, आधी रांजण भरा.

दोन खेपा. गुडघ्यांना हळद लावली.

१९ मे

हुकूम आला. चाँद पाशांनी वाचून दाखवला. विहीर आणि हौद गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी खुले. मागची भिंत पाडून रस्ता. पायऱ्या दुरुस्त करणार. टेनिस कोर्टावर पाण्याच्या गाड्या उभ्या राहणार. इमारत सरकारकडे, उपयोग पुढे ठरेल. मोट रतनसिंगने सरकारी खर्चाने चालवावी. देखरेखीला दस्तगीर.

सेक्रेटरीचा उल्लेख कुठे आहे का, मी विचारले. चाँद पाशांनी कागद उलटा करून पाठही पाहिली. मग म्हणाले, आप की मेहनत से ही तो हुआ वकीलसाब. मला त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा आहे का ते शोधता आले नाही. माणूस मोठ्या दिलाचा आहे, म्हणजे नसावा.

पत्त्यांचा डाव त्यांच्या गोदामात हलला. मला बोलावले. मी पत्ते खेळत नाही. मी खेळाडू आहे.

बिलियर्ड टेबल दारातून निघेना, म्हणून तेथेच राहिले. दस्तगीर खूश.

२१ मे

तालुकदार साहेबांना विनंती पाठवली की हौदाच्या देखरेखीसाठी एक ऑनररी सुपरिंटेंडेंट नेमावा, आणि अनुभवी माणूस उपलब्ध आहे. उत्तराची वाट पाहतो. दरम्यान स्वतःहून शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. घागरींची रांग उजव्या बाजूने, कळशांची डाव्या. पारुबाई म्हणाली, बरं, आन् हंडे? हंड्यांचा विचार झाला नव्हता. तोवर रांग पुन्हा तिच्या पद्धतीने झाली आणि पाणी मिळत राहिले.

सौ.चा हात अजून झोळीत. डॉक्टर म्हणतात महिना लागेल. ती डाव्या हाताने भाकरी थापते, वाकडी होते. मी म्हणालो, वाकडी चालते. ती म्हणाली, न चालून काय करता. पण चिडून नाही म्हणाली.

मागची भिंत पाडताना पाहायला गेलो नाही. आवाज घरापर्यंत येत होता.

२४ मे

साहेबांचे उत्तर नाही. कामात असतील.

व्यायाम मात्र सुटलेला नाही. रोजच्या खेपांमुळे खांदे भरत आहेत असे वाटते. आरशात नीट दिसत नाही, आरसा लहान आहे. पाठीत थोडी उसण. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाला एवढे चालते. पावसाळ्यात विश्रांती घेऊन दसऱ्यापासून डंबेल. ते दस्तगीर द्यायला तयार आहे. त्याला दाराला आता दगड मिळाला.

२७ मे

सकाळी हौदावर गेलो. उसण जास्त, घागर कमरेवर ठेवून वाकूनच चालत होतो. रांग लांब. नवीन पायऱ्यांवरून बायका सरळ उतरत होत्या, सरळ चढत होत्या. रांगेच्या शेवटी उभा राहिलो. उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा घागर खाली ठेवून तिच्यावर टेकलो.

पारुबाई पुढून ओरडली, त्या म्हाताऱ्या मानसाला पुढं येऊ द्या गं.

मी मागे वळून पाहिले. माझ्यामागे कुणी नव्हते. चाँदबीने बाजूला होऊन वाट दिली, मग तिच्या पुढच्या बाईने, मग तिच्या पुढचीने. कुणी हसले नाही.

खुलासा करावा असे मनात आले. पण घरी रांजण रिकामा होता आणि वाट मोकळी झाली होती.

पुढे गेलो. पारुबाईने भरून दिली.